सुरक्षा सप्ताहातला मयत

पुठ्ठ्याच्या त्या गिरणीत त्याला सगळे मयत म्हणत. ‘मयताला हाक मार’, ‘मयताचा डबा कोणी हलवला’, ‘मयत आज रजेवर आहे’ असं तिथे दिवसभर कानावर पडायचं आणि नव्याने लागलेला माणूस दचकून इकडेतिकडे बघायचा. त्याच्या बायकोला मात्र या नावाचा मनस्वी राग होता. एकदा त्याच्याच पाळीतला कोणीतरी दारात येऊन “मयत घरात आहे का?” असं विचारता झाला, तर तिने त्याच्या तोंडावर दार लावलं आणि मग नवऱ्याला फैलावर घेतलं. जित्याजागत्या माणसाला असं म्हणवून घ्यायची लाज कशी वाटत नाही, असं तिचं म्हणणं. तो नुसता हसायचा. त्याला खरंच लाज वाटत नव्हती. उलट गिरणीत आपल्याला काहीतरी नाव आहे, याचंच त्याला आतून बरं वाटायचं.

नाव पडलं ते त्याच्या अंगकाठीमुळे. गिरणीत दरवर्षी सुरक्षा सप्ताह व्हायचा. आठवडाभर फलक, घोषवाक्यं, शपथ, आणि शेवटच्या दिवशी अपघाताची रंगीत तालीम. खोटा अपघात, खोटा जखमी, खरा भोंगा, मग पाहुण्यांचं भाषण आणि चहा-बिस्किटं. एका वर्षी भांडारातला गलेलठ्ठ कारकून जखमी झाला होता. त्याचं स्ट्रेचर उचलताना एकाची कंबर खरोखरच लचकली आणि पाहुण्यांसमोर गिरणीची शोभा झाली. तेव्हापासून सेफ्टीसाहेबांनी हुकूम सोडला, की सगळ्यांत हलका माणूस शोधा. तो सापडला रद्दीच्या आवारात, गठ्ठ्यांच्या तारा कापताना. वाऱ्याने उडेल असा, गालफडं बसलेली, डोळे खोल. मेकअपचीसुद्धा गरज नाही, असं तेव्हाच कोणीतरी म्हणालं.

आणि मरणं त्याला छान जमलं. श्वास दिसणार नाही असा घ्यायचा, मान एका बाजूला टाकायची, एक हात स्ट्रेचरच्या बाहेर लोंबता सोडायचा, हे त्याचं त्याने बसवलं. कँटीनमधलं लाल सरबत त्याच्या सदऱ्यावर ओतत. घरी बायको तो सदरा भिजवून ठेवायची आणि घासता घासता पुटपुटायची. सुरुवातीला गोष्टीत तो नुसता जखमी असायचा, पण तो इतका मेल्यासारखा पडायचा की एका वर्षी पाहुणेबाई घाबरून उठल्या. त्या दिवशी टाळ्या पडल्या आणि जखमीचा मयत झाला तो कायमचा.

स्ट्रेचरची डोक्याकडची बाजू ठरलेल्या माणसाकडे असायची. तो ताड्या. ताडमाड उंच, खांदे दाराच्या चौकटीला घासतील असे, आणि जीभ कधी स्वस्थ नाही. दोघे एकाच दिवशी गिरणीत लागलेले, एकाच बसने येणारे, घरंसुद्धा पाठीला पाठ लावून. ताड्याच्या बायकोला मयत वहिनी म्हणायचा, मयताची मुलगी ताड्याला काका म्हणायची. स्ट्रेचर चालू लागलं की ताड्या चेहरा लांब ठेवून, ओठ न हलवता खाली कुजबुजायचा, “मयत, उतरताना भाडं देऊन जा.” किंवा, “तुझ्या जागेवर माझ्या मेव्हण्याला लावू का?” मयताच्या पोटात हसू उकळायचं आणि ते दाबताना डोळ्यांतून पाणी यायचं. लोकांना वाटायचं, काय अभिनय आहे.

ताड्याचं काम पट्ट्यावर होतं. गठ्ठे फुटले, त्यांतलं प्लास्टिक, चिंध्या, खिळे काढून झाले, की ती रद्दी एका लांब रबरी पट्ट्यावर टाकायची. पट्टा ती वर चढवून नेतो आणि मोठ्या हौदात ओततो. हौदात पाती फिरतात, कागदाचा लगदा होतो. आंबट, कुबट वास त्या सगळ्या बाजूला भरून असायचा. अंगाला लागला की साबणाने जायचा नाही. पट्टा खालच्या टोकाला ज्या रुळाभोवती वळतो, तिथे कागदाचा भुगा ओला होऊन चिकटायचा, पट्टा एका बाजूला सरकायचा, काम अडायचं. म्हणून तो भुगा सारखा खरवडून काढावा लागायचा.

त्या रुळावर लोखंडी जाळी होती. म्हणजे असायला हवी होती. ती बोल्टने बसवलेली. भुगा काढायचा तर पट्टा थांबवा, बोल्ट खोला, जाळी उतरवा, साफ करा, पुन्हा सगळं लावा. एवढ्यात वरचा हौद रिकामा राहायचा आणि उत्पादनसाहेबांचा फोन यायचा. एका दिवशी ते स्वतः खाली आले, फिटरला बोलावलं आणि जाळी काढून बाजूला ठेवायला सांगितलं. फिटरने ती काढली आणि गठ्ठ्यांच्या मागे भिंतीला टेकवून ठेवली. ती तिथेच गंजत पडली. पट्ट्याच्या कडेने एक दोरीही होती. ओढली की पट्टा जागच्या जागी थांबणार. पण धक्क्याने ती आपोआप ओढली जायची आणि विनाकारण काम थांबायचं, म्हणून तीही कोणीतरी तारेने बांधून टाकली. हे लपूनछपून नव्हतं. येताजाता सगळे बघत होते. सेफ्टीसाहेबही बघत होते; जाळी निघाली तेव्हा ते पलीकडच्या खांबापाशी उभेच होते.

त्या वर्षीच्या सप्ताहात बाहेरून एक प्रशिक्षक आले. गोड बोलणारे, इस्त्रीचे कपडे, पडद्यावर चित्रं दाखवत शिकवणारे. फिरत्या रुळाजवळ हात नेऊ नये, जाळीशिवाय यंत्र चालवू नये, सुरक्षा आपल्याच हातात आहे. ताड्या उठला. जाळी बसवलेली ठेवून पट्टा चालू असताना भुगा कसा काढायचा, एवढंच त्याने विचारलं. खोचक नाही, सरळ विचारलं. प्रशिक्षकांनी मागे बघितलं. मागच्या रांगेत उत्पादनसाहेब बसले होते. ते म्हणाले, तो विषय वेगळा आहे, नंतर बसून बोलू. प्रशिक्षकांनी पुढचं चित्र लावलं. शेवटी सगळ्यांनी उभं राहून शपथ घेतली. बसमध्ये ताड्या म्हणाला, सुरक्षा आपल्या हातात दिली आणि जाळी भिंतीला. दोघे खूप हसले.

शेवटच्या दिवशी तालीम झाली. मयत मेला, ताड्याने त्याला वाहून नेलं, पाहुण्यांनी दोघांची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी होती. मयत गठ्ठ्याच्या तारा कापत होता. पट्ट्याच्या आवाजात काहीतरी बदललं. इतक्या वर्षांत त्याचा कान त्या आवाजाला सरावलेला होता. त्याने वळून बघितलं तर ताड्या रुळापाशी वाकलेला दिसला, आणि मग दिसलं की तो वाकलेला नाही, त्याला आत ओढलं जातंय. बाही आधी गेली होती, मग हात, मग खांदा. मयत धावला आणि दोरी ओढली. दोरी तारेने बांधलेली होती. हे त्याला माहीत होतं आणि तरी त्याने ती दोन्ही हातांनी पुन्हा ओढली. मग तो पलीकडच्या खांबावरच्या बटणाकडे पळाला. पट्टा थांबला तेव्हा ताड्याची छाती रुळाला लागली होती.

कोणीतरी भोंगा वाजवला. माणसं आली, पण चालत आली. काही जण हात पुसत, एक जण चहाचा पेला घेऊन. कालच तालीम झालेली, साहेबांचं काहीतरी राहून गेलं असेल, असं सगळ्यांना वाटलं. त्यांतल्या एकाने पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या मयताला बघितलं आणि हसून विचारलं,

“अरे, आज मयत उभा कसा?”

मग तो पुढे आला आणि त्याला खाली कोण आहे ते दिसलं.

स्ट्रेचर प्रशिक्षणाच्या खोलीत होतं. प्रदर्शनात मांडलेलं, भोवती झालर लावलेलं. खोलीला कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे तो सुट्टीवर. पट्टा उलटा फिरवून त्यांनी ताड्याला सोडवला आणि गिरणीतल्याच जाड पुठ्ठ्यावर ठेवला. एवढा मोठा माणूस, पुठ्ठा मधोमध वाकायला लागला. चौघांनी उचलला तरी वाकायला लागला. डोक्याकडची बाजू मयताने धरली होती. त्याच्या अंगात तेवढा जोर नव्हता, पण त्याने ती कोणाला दिली नाही. गिरणीची गाडी मुक्कामाला राहिलेल्या पाहुण्यांना सोडायला गेली होती. शेवटी रद्दीच्या ट्रकमध्ये, गठ्ठे लोटून जागा केली. ताड्या काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होता. ते काय होतं हे मयताला कधीच कळलं नाही. पुढे लोकांनी खूप विचारलं, तेव्हाही त्याने काही रचून सांगितलं नाही. रुग्णालयाच्या फाटकाशी पोचायच्या आधीच त्या तोंडातून आवाज येणं थांबलं होतं.

वहिनीला सांगायला मयतच गेला. ती दारातच होती, दप्तरं शिवायचं काम घेऊन बसलेली. त्याचा चेहरा बघून तिने सुई कापडात खोचली आणि उठून उभी राहिली. ते त्याला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

अंत्यसंस्कार झाले आणि तो कामावर गेला. आवारात शिरताच त्याला एक नवा वास आला. आंबट लगद्याच्या वासात मिसळलेला तेलकट, गोडसर वास. रंगाचा. रुळावर जाळी बसली होती, पिवळी धमक, अजून ओली. दोरीची तार निघाली होती आणि दोरीही नवी, लाल. जमीन धुतलेली. भिंतीवर एक फलक, ‘तुमची घरी कोणीतरी वाट बघत आहे’. सरकारी तपासनीस दुपारी यायचे होते. मयताने ते सगळं बघितलं. नळापाशी जाऊन तो ओकला. पोटात काही नव्हतं, पाणीच पडलं. तेव्हापासून त्याला जेवण जाईना. बायकोने भाजी पुढे केली की त्याला रंगाचा वास यायचा. तिने भांडी बदलली, तेल बदललं, शेवटी ताटाशी बसून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहायची.

तपासनिसांनी त्याला विचारलं तेव्हा त्याने होतं तसं सांगितलं. जाळी कधीपासून नव्हती, कोणी काढायला लावली, दोरी कशी होती. ते मान हलवत होते. शेजारी सेफ्टीसाहेब उभे होते. ते समजुतीच्या आवाजात म्हणाले, की दोघे जिवलग होते हो, धक्का बसलाय त्याला. तपासनिसांनी पुन्हा मान हलवली. बाकीच्यांनी काय सांगितलं ते मयताने विचारलं नाही. पण बसमध्ये शेजारी कोणी बसेना, तेव्हा त्याला कळलं. गिरणीत एकच गोष्ट फिरायला लागली होती, की घाई करायची ताड्याला सवयच होती, जाळी त्यानेच काढली असेल. परवापर्यंत त्या भिंतीला टेकलेल्या जाळीला डबे अडकवणारी माणसं हे बोलत होती. त्याला त्यांचा राग येत नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं. त्याला त्यांची किळस येत होती, त्यांच्या हातांची, जेवताना हलणाऱ्या जबड्यांची, आणि त्यांच्यातच बसून तोही पाणी पीत होता म्हणून स्वतःचीसुद्धा.

काही महिन्यांनी सेफ्टीसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि खुर्चीवर बसायला सांगितलं. आजवर कधी सांगितलं नव्हतं. गिरणी ताड्याच्या आठवणीसाठी एक फिल्म करणार होती. नव्या कामगारांना प्रशिक्षणात दाखवायला. अशी वेळ पुन्हा कोणावर येऊ नये म्हणून. ताड्याचं काम करायला माणूस हवा होता, आणि हे काम गिरणीत दुसऱ्या कोणाला जमणार, असं ते म्हणाले. उंचीचं बघून घेऊ, कॅमेऱ्यात कळत नाही. मयत खुर्चीवरून उठला आणि कामावर परतला.

घरी बायकोने ऐकलं आणि सरळ सांगितलं, की या वेळी तुम्ही तिथे आडवे झालात तर मी तो सदरा धुणार नाही. त्यालाही ते पटलं होतं. पण संध्याकाळी वहिनी आली. साहेब तिच्या घरी येऊन गेले होते. बरोबर फळं आणली होती. धाकट्या मुलाला पुढे नोकरीत घेण्याचं बघू, असं आडून आडून बोलले होते, आणि फिल्मचंही सांगितलं होतं. ती खुर्चीच्या कडेला टेकली.

“भावजी, करायचीच आहे त्यांना, तर तुम्ही करा,” ती म्हणाली. “दुसऱ्या कोणी त्यांची नक्कल केलेली मला बघवणार नाही.”

बायको स्वयंपाकघरात गेली. तिने भांडं जरा जोरात ठेवलं. मयताने हो म्हटलं.

फिल्मवाले शहरातून आले. दोन दिवे, एक कॅमेरा, आणि डोक्यावर टोपी उलटी घातलेला एक तरुण दिग्दर्शक, जो सगळ्यांना काका म्हणत होता. पट्टा बंद ठेवला होता. त्या दिवशी मात्र हौद रिकामा राहिला तरी कोणाचा फोन आला नाही. मयताला ताड्याच्या मापाचा सदरा घातला, पाठीमागे पिना लावल्या. मग त्याच्या हातात एक पाना दिला आणि काय करायचं ते समजावलं. तो शीळ घालत येणार, आजूबाजूला बघणार, बोल्ट खोलून जाळी काढणार आणि पायाने ढकलून देणार. दुसऱ्या हातात मोबाइल. मोबाइलवर बोलता बोलता हात रुळाकडे.

मयताने सांगितलं, की मोबाइल फाटकावरच काढून ठेवावे लागतात, आत कोणाकडेच नसतात. दिग्दर्शक म्हणाला, काका, ते बघणाऱ्याला कळायला हवं ना, चूक काय झाली ते. मयताने सेफ्टीसाहेबांकडे बघितलं. ते घड्याळ बघत होते. मग तो म्हणाला,

“जाळी फिटरने काढली, साहेब. तुम्ही इथे, या खांबापाशी उभे होता.”

साहेबांनी त्याला बाजूला घेतलं. हात खांद्यावर ठेवला. आधी शेवटचं दृश्य घेऊन टाकू, पान्याचं नंतर बघू, असं म्हणाले. आवाज अगदी मायेचा होता. मयताला त्या हाताचं वजन सदऱ्यातून जाणवत होतं. हात ओलसर होता. आणि त्याने तो झटकला नाही, कारण वहिनीला हो म्हटलं होतं.

तो रुळापाशी आडवा झाला. सरबत ओतलं. ते गार आणि चिकट होतं, मानेवरून खाली उतरलं, आणि दिव्यांच्या उष्णतेत त्याचा गोड वास उठला. हौदाकडच्या माश्या आल्या. एक त्याच्या ओठावर बसली. त्याने श्वास रोखला, मान टाकली, हात सैल सोडला. सवयीने सगळं होत गेलं. डोळे मिटायच्या आधी त्याला वर ती पिवळी जाळी दिसली, आणि तिच्या पलीकडे माना काढून बघणारे पाळीतले सगळे. कोणीतरी शू शू करत होतं. मग सेफ्टीसाहेबांचा आवाज आला.

“तोंड जरा उघडं ठेव. त्याचं तसंच होतं.”

मयत उठला. ओरडला नाही, पाना फेकला नाही. पिना टोचत होत्या, म्हणून सदरा डोक्यातून ओढून काढला आणि तिथेच जमिनीवर टाकला. दिग्दर्शक काका काका म्हणत मागे आला. तो नळापाशी गेला, मान आणि छाती धुतली, तोंडात पाणी घेऊन पुन्हा पुन्हा थुंकला. आपला सदरा घातला आणि फाटकातून बाहेर पडला. पाळी संपायला बराच वेळ होता. बस नव्हती. तो पायी निघाला.

वहिनी दप्तरं शिवत होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि सगळं सांगितलं. जाळी, फिटर, दोरी, कुलूप, गाडी, रंग, पाना, मोबाइल. शेवटचं वाक्य सांगावं की नाही, हे त्याला कळेना. मग तेही सांगितलं. ती ऐकत राहिली. मधे एकदा उठली, सासूच्या खोलीचं दार लोटून आली. नंतर बराच वेळ ती हातातला दप्तराचा पट्टा उलटसुलट करत होती.

“हे तुम्ही माझ्यापुढे बोललात,” ती म्हणाली. “चार लोकांत बोलाल?”

तो म्हणाला, बोलेन.

ती मुलाच्या नोकरीचं विसरली नव्हती. तिने तसं बोलूनही दाखवलं. रडून नव्हे, हिशेबाने. पण ज्या ठिकाणी बापाला असं वागवलं तिथे मुलाला पाठवायचं, तर मला रोज सकाळी त्याचा डबा भरताना ओकारी येईल, असं ती म्हणाली. आठवड्याभरात दोघं, आणि त्याची बायको तिसरी, कामगार न्यायालयात वकिलाकडे जाऊन बसली.

पुढचं सगळं फार लांबलं. गिरणीने मयताला रद्दीच्या आवारातून काढून गाळाच्या टाकीवर टाकलं, जिथे हौदातला सगळा मैला साचतो. नाकाला फडकं बांधून तो ते काम करत राहिला. फिल्म झालीच. कँटीनमधल्या एका पोरसवदा माणसाने ताड्याचं काम केलं. पाना हातात, मोबाइल कानाला. नव्या लोकांच्या प्रशिक्षणात ती दाखवायला लागले. रंगीत तालमीसाठी रबरी बाहुला आणला. मयताकडे कोणी विचारायला आलंच नाही. पाळीतले त्याला आता त्याच्या खऱ्या नावाने हाक मारत, तेही कामापुरती. त्यातलं परकेपण त्याच्या लक्षात आलं. पण बायकोला ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, चला, काहीतरी चांगलं झालं.

साक्षीला फिटर येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. तो तोवर निवृत्त झाला होता. मयत त्याच्या घरी तीनदा जाऊन आला होता आणि तिन्ही वेळा फिटरच्या सुनेने तो झोपलाय म्हणून सांगितलं होतं. तारखेच्या दिवशी तो स्वतःहून आला, धुतलेले कपडे घालून, जमिनीकडे बघत. त्याला विचारलं तेव्हा त्याने कोणाची बाजू घेतली नाही. जाळी मी काढली, मला सांगितलं म्हणून काढली, पुन्हा लाव असं कोणी सांगितलं नाही म्हणून लावली नाही. एवढंच म्हणाला आणि खाली बसला. बाहेर आल्यावर मयताने त्याला चहा विचारला. फिटर नको म्हणाला आणि भराभरा निघून गेला. मयताला त्याच्याबद्दल काय वाटावं ते ठरवता आलं नाही.

निकाल वहिनीच्या बाजूने लागला. चूक मृताची नव्हती, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ते तिने वकिलाला दोनदा वाचायला लावलं. भरपाई मिळाली, गिरणीला दंड झाला. दंडाचा क्षुल्लक आकडा ऐकून वकीलच ओशाळून हसले होते. उत्पादनसाहेब तोवर कंपनीच्या दुसऱ्या, याहून मोठ्या गिरणीत वरच्या जागी गेले होते. सेफ्टीसाहेबांचं काही झालं नाही. निकालानंतर ते मयताला व्हरांड्यात भेटले, हसले आणि म्हणाले, शेवटी न्याय झाला, मला आनंद वाटतो. त्यांना खरंच आनंद वाटत होता, असं त्याला दिसलं, आणि त्या हसण्याने त्याला जेवढी शिसारी आली तेवढी सरबताच्या माशीनेही आली नव्हती. त्याच महिन्यात त्याने गिरणी सोडली.

मग त्याला एका धुलाईघरात काम मिळालं. रुग्णालयांच्या, हॉटेलांच्या चादरी धुणारं मोठं धुलाईघर. वाफ, ओले ढीग, आणि कपडे गरगर फिरवून पाणी काढणारी यंत्रं. झाकण उघडलं की यंत्र आपोआप थांबायला हवं. पहिल्या दिवशी मुकादम बाईंनी त्याला काम दाखवलं, आणि त्याला दिसलं की झाकणाच्या खटक्यात लाकडाची चीप ठोकून बसवली आहे. म्हणजे झाकण उघडं असलं तरी आतलं पिंप फिरत राहणार. त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, तो खटका बिघडलाय, इथे असंच चालतं, फक्त हात आत घालू नका. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्या मागे रुग्णालयांनी, हॉटेलांनी पाठवलेल्या गाड्या ताटकळत होत्या.

तो म्हणाला, हे ठीक होईपर्यंत मी या यंत्राला हात लावणार नाही. दुसरं काहीही सांगा. बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, अशा शेळपट दिसणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी हे बोलावं याचं नवल वाटल्यासारखं. मग चिडल्या. मालकाला फोन केला, मोठ्याने बोलल्या, बाकीच्या बायका चादरी हातात धरून बघत राहिल्या. मयत भिंतीला पाठ लावून उभा राहिला. काम गेलं तर घरी काय सांगायचं, हे तो मनात जुळवत होता. दुपारी एक इलेक्ट्रिशियन आला, कंटाळलेला, तोंडात काडी धरलेला. त्याने चीप उपटून कोपऱ्यात भिरकावली, खटका बदलला, दोन स्क्रू आवळले, झाकण उघडून यंत्र थांबतंय हे दाखवलं आणि निघून गेला. त्याने हातातली पिशवीसुद्धा पूर्ण उघडली नव्हती.

बाई ताटकळलेल्या गाड्यांकडे वळल्या. शेजारच्या यंत्रावरची एक म्हातारी मात्र पुढे आली, झाकण उघडून पाहिलं, बंद केलं, पुन्हा उघडून पाहिलं. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती.

घरी गेल्यावर बायकोने विचारलं, कसं झालं पहिल्या दिवशी. त्याने सांगितलं. तिला बरं वाटलं, तिने त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि चांगलं केलंत म्हणाली. पण त्याला चांगलं केल्यासारखं वाटत नव्हतं. दोन स्क्रू, तो म्हणाला. एवढंच होतं ते. तिने ताट वाढलं. तो बसला, घास मोडला, आणि बराच वेळ तसाच हातात धरून राहिला. मग त्याने तो खाल्ला.